शिफ्ट सांभाळून शरद

पाऊस उघडला की गाद्या, गोधड्या, स्वेटर सगळं गच्चीवर जातं. पुस्तकं मात्र कपाटातच कोंडलेली राहतात आणि बाहेर निघतात ती थेट दिवाळीच्या साफसफाईत, म्हणजे घरात कोणालाच उसंत नसते तेव्हा. यंदा हा क्रम बदला. नवरात्राच्या आधी एक सुट्टीची सकाळ पुस्तकांना द्या. एकेक पुस्तक हातात उभं धरून पानं फडफडवा, कडा कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि सावलीत, वारा लागेल अशी उघडी करून तासभर मांडा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. त्यात पुस्तक टाकलं की कागद पिवळा पडतो, बांधणीचा डिंक वाळून पुठ्ठा सुटतो. पाठीवर बुरशीचा पांढुरका थर आला असेल तर नाकातोंडाला रुमाल बांधा आणि ते काम घरात न करता गच्चीवरच करा. कपाटाच्या कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवले की कसर दूर राहते. पुस्तकं परत लावताना मागच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा. पावसाळ्यात ओल येते ती त्या भिंतीतूनच.

या सकाळी एक गोष्ट हमखास सापडते: कधीतरी अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक, आत खूण म्हणून घातलेली बसची किंवा सिनेमाची तिकिटं तशीच. ते पुस्तक कपाटात परत ठेवू नका. बाहेरच असू द्या.

नाशिकच्या अंबडला राहणाऱ्यांना, म्हणजे एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना, वाचन आणि छंद यांवर काही सांगायला गेलं की पहिलं उत्तर येतं ते वेळेचं. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी आठवड्याला बदलणारी शिफ्ट, मध्येच लागणारा ओव्हरटाइम, दिवाळीआधी डिस्पॅचची घाई. तक्रार खोटी नाही. पण माझ्या मते खरी अडचण वेळेची नसून पसाऱ्याची आहे. सिडको वसाहतीतल्या कुठल्याही मूळ घरात जाऊन बघा. एकाच खोलीत मुलांचा अभ्यास, तिथेच जेवणाची ताटं, तिथेच रात्रीची अंथरुणं. भरतकामाला बसलं की अर्ध्या तासात सगळं गुंडाळावं लागतं आणि पुन्हा मांडायचा कंटाळा येतो. मग ते काम महिनाभर पिशवीतच पडून राहतं. एक दिवस पिशवी माळ्यावर जाते.

म्हणून छंद निवडताना त्याला एकच कसोटी लावा. तो मध्येच सोडता येतो का, आणि सोडल्यावर तसाच्या तसा कुठे ठेवायचा? उत्तर मिळालं तर तो छंद या घरात टिकेल. नाही मिळालं तर साहित्य कितीही महागाचं आणा, उपयोग नाही. एक जुना लाकडी पाट, कडा असलेला मोठा ट्रे किंवा पत्र्याचा चपटा डबा एवढ्यावर भागतं. त्यात अर्धवट काम, सुई, कात्री, पेन्सिल सगळं राहतं, आणि तो ट्रे दिवाणाखाली किंवा फ्रिजवर सरकतो. घरच्यांशी ठराव एवढाच करायचा की या ट्रेमधलं कोणी आवरायचं नाही. आपल्याकडे आवरण्याची फार हौस असते. दसरा-दिवाळीत तर तिला ऊत येतो.

वाचनाला ही कसोटी सहज लागू पडते, कारण पुस्तक हे अर्ध्यावर सोडण्यासाठीच बनवल्यासारखं असतं. फक्त शिफ्ट बघून पुस्तक घ्यावं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी चारनंतर मोकळीक असते, तेव्हा कादंबरी चालते. सेकंडच्या आठवड्यात सकाळ हाती असते, पण ती घरकामात, बँकेत, मुलांच्या शाळेत तुकड्यातुकड्यांनी जाते. तेव्हा कथा किंवा व्यक्तिचित्रं घ्या. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ यासाठी उत्तम, एक माणूस एका चहात वाचून होतो. नाईटच्या आठवड्यात झेपेल तेवढंच वाचा, आणि जे वाचाल ते कागदावर. सकाळी घरी येऊन खिडकीला जाड पडदा ओढून झोपायचं असताना डोळ्यांसमोर मोबाइलचा उजेड धरणं म्हणजे आलेली झोप परत पाठवणं. कंपनीच्या बसमध्ये वाचताना मळमळत असेल तर ऐकण्याची पुस्तकं आहेत. पण ती बसमध्येच. शॉप फ्लोअरवर कानात काही घालू नये, हे सेफ्टीवाला सांगतो ते खरंच आहे.

काय वाचायचं ते ज्याने त्याने ठरवावं. तरी या वस्तीत राहून नारायण सुर्वे वाचले नसतील तर एकदा वाचाच. गिरणीत काम केलेला, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला हा कवी. त्याचं ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आलं. कारखान्यात दिवस काढलेल्या माणसाला त्यातलं जग समजावून सांगावं लागत नाही. सिडकोत त्यांच्या नावाचं सार्वजनिक वाचनालयही आहे. आणि छंद कसे लागतात, कसे जोपासायचे हे जाणून घ्यायचं असेल तर अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’ मिळवा. ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी अशा कितीतरी गोष्टींत हा माणूस मुलासारखा रमला होता. तुम्हालाही काहीतरी करावंसं वाटेल.

पुस्तकं विकत घ्यायला माझी हरकत नाही, पण वर्गणी आधी भरा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. राज्यातल्या जुन्या ग्रंथालयांत त्याचं नाव येतं. पण ते गावात. शिफ्ट करून अंबडहून दर आठवड्याला तिकडे जाणं कोणाला जमेल असं वाटत नाही. महिन्यातून एकदा खरेदीला जाताना तेवढं करा आणि एरवी घराजवळचं वाचनालय धरा. दुसरी सोय बऱ्याच कामगारांच्या लक्षातच नसते. जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधी म्हणून थोडी रक्कम कापलेली दिसते. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. १९५३ च्या कायद्याने आलेल्या या निधीतून ठिकठिकाणी कामगार कल्याण केंद्रं चालतात. ग्रंथालय, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा असे उपक्रम तिथे होतात. सातपूर-सिडको भागातल्या केंद्रात जाऊन काय काय चालू आहे ते विचारा. आपलेच पैसे आहेत.

तिसरी वाट एकट्याची नाही, गटाची. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ साली नाशिकमध्येच विनायक रानडे यांनी सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी तिची अदलाबदल होते. नाशकात सुरू झालेल्या या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. मग एखाद्या सोसायटीने, एखाद्या कंपनीच्या कॅन्टीनने अशी पेटी मागवायला काय हरकत आहे? १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. एचआर खात्याला त्या दिवशी फोटोपुरता कार्यक्रम हवाच असतो. पेटीचा प्रस्ताव तेव्हा पुढे सरकवा.

आता दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची मराठी घरांना सवय लागली. आज स्टॉलवर इतके अंक असतात की माणूस गांगरतो, आणि किमती बघून दोनपेक्षा जास्त उचलवत नाहीत. मुखपृष्ठावर जाऊ नका. अनुक्रमणिका उघडा. त्यात तुम्हाला वाचावेसे वाटणारे तीन मजकूर सापडले तर घ्या, नाहीतर खाली ठेवा. मग मधली चार-पाच पानं उलटा. जाहिरातींच्या फटीत मजकूर शोधावा लागत असेल तर तो अंक दुसऱ्याकडून मागून वाचण्यापुरता ठीक. राशिभविष्य सगळ्यांत असतं, त्यासाठी वेगळे पैसे मोडायची गरज नाही.

सगळ्यांत बरं म्हणजे चौघांनी मिळून चार अंक घ्यावेत. लाईनवरचे चार जण किंवा एकाच जिन्यातली चार घरं. एकाने रहस्यकथांचा ‘धनंजय’ घ्यावा, दुसऱ्याने विनोदाचा ‘आवाज’, तिसऱ्याने ‘मौज’ किंवा ‘अक्षर’सारखा गंभीर, चौथ्याने मुलांचा ‘किशोर’. दर पंधरा दिवसांनी अंक पुढे सरकवायचा. आतल्या पानावर पेन्सिलीने चौघांची नावं लिहायची, वाचून झालं की आपल्या नावावर काट मारायची आणि आवडलेल्या मजकुराचा पान क्रमांक शेजारी टाकायचा. दोन महिन्यांनी अंक मालकाकडे परत येतो तेव्हा ते आकडे बघायला मोठी मजा येते. शेजारच्या वहिनींना भावलेली कथा आपण नेमकी वगळलेली असते. एकच पथ्य पाळा: चिवडा खाताना अंक हातात असेल तर चिवडा चमच्याने खा. अंक अजून तीन घरी जायचा आहे.

पैसे अगदीच नसतील तरी वाट आहे. बरीच वाचनालयं दिवाळीनंतर दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी ठेवतात. एकदा भरली की त्या हंगामातले अंक बदलून बदलून वाचता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक नातवाला दाखवता येतो.

खंडेनवमीचा दिवस एमआयडीसीत वेगळाच असतो. आदल्या दिवशीच मशीन बंद करून चकचकीत पुसलेलं असतं, कूलंटचा ट्रे साफ केलेला असतो, बर उचललेला असतो. मग लेथच्या चकला, व्हीएमसीच्या दाराला, कंट्रोल पॅनलला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. मालकही त्या दिवशी फ्लोअरवर दोन घटका जास्त थांबतो. दसरा झाला की या माळा कचऱ्यात जातात. तेलाचा, कूलंटचा हात लागलेल्या माळा जाऊ द्या. पण ऑफिसच्या दारावरच्या, घरच्या तोरणाच्या, गाडीच्या हाराच्या स्वच्छ फुलांच्या पाकळ्या काढून सावलीत वाळवा. त्यांतून कापडाला सुरेख पिवळा रंग येतो.

रंगवायची पद्धत अवघड नाही. साधारण १०० ग्रॅम वजनाचं धुतलेलं सुती कापड घ्या. जुना पांढरा टॉवेल किंवा धोतराचा तुकडा चालेल. नव्या कापडाला खळ असते, ती आधी धुऊन काढा. आयुर्वेदिक दुकानात हिरड्याची पूड मिळते. ती दोन-तीन चमचे कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सुती धाग्याला रंग धरायला या हिरड्याची मदत होते. दुसऱ्या दिवशी कापड पिळून १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. तोवर दुसऱ्या भांड्यात पाकळ्या उकळा. ताजी फुलं असतील तर कापडाच्या वजनाइतकी तरी हवीत. पाणी गाळून त्यात कापड मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा, तसंच थंड होऊ द्या, सावलीत वाळवा. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. रंग दुकानातल्यासारखा पक्का नसतो, साबणाने थोडा उतरतो. पण ही कृती तीन टप्प्यांत मोडते आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कापड बादलीत निवांत पडून राहू शकतं. सेकंड शिफ्टच्या माणसाला एवढं पुरतं.

हे पिवळे तुकडे गोधडीत वापरा. गोधडीचे दिवसही हेच. नोव्हेंबर लागला की नाशकात पहाटे थंडी बोचायला लागते आणि डिसेंबरात निफाडचा पारा रोज पेपरात येतो. पहिल्यांदाच शिवत असाल तर पूर्ण मापाच्या नादी लागू नका. लहान मुलाचं दुपटं, तीन फूट बाय अडीच फूट, एवढंच घ्या. वर-खाली जुनं सुती लुगडं किंवा साडी, आत दोन-तीन थर. सिंथेटिक साडी आत घालू नका, ती सरकते आणि अंगाला चिकटते. थर एकावर एक पसरून आधी लांब कच्चे टाके घाला, मग कडेने सुरुवात करून आतल्या बाजूला चौकोनामागून चौकोन धावदोरा घालत या. टाके वाकडे आले तरी चालतील. गोधडीला ते शोभतात. उठायची वेळ आली की सुई शेवटच्या टाक्यात खोचून, दोरा तिच्याभोवती दोनदा गुंडाळून, ती बाजू आत घेऊन घडी घाला. घरात रांगतं मूल असेल तर सुई काढून डबीतच ठेवा. त्यात तडजोड नको.

कंदिलाबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ज्यांचे हात दिवसभर जॉबवर चालतात त्यांनी बाजारातला प्लॅस्टिकचा कंदील आणावा हे मला पटत नाही. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा. २० सेंटिमीटरचे २४ तुकडे लागतात. चार-पाच जास्तीचे कापा, एक-दोन चिरतातच. पॉलिश पेपरने कुसळं काढा. आता एका पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि चारी कोपऱ्यांना बाहेरून दोन-दोन टाचण्या रोवा. हे तुमचं फिक्स्चर. त्यात चार कामट्या बसवून कोपरे दोऱ्याने घट्ट बांधायचे. दोरा साधा सुती घ्या, नायलॉनचा मांजा घरात आणूच नका. असे सहा चौकोन करा. फिक्स्चर असल्यामुळे सहाही एका मापाचे येतील, आणि त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. एका संध्याकाळी एवढंच. चौकोन सपाट असतात, सहाची चळत ट्रेमध्ये आरामात मावते.

दुसऱ्या संध्याकाळी जोडणी. एक चौकोन खाली जमिनीवर, एक वर, चार बाजूंना चार. बाजूचे चौकोन एका कोपऱ्यावर उभे, पतंगासारखे. कडेला कड जोडायची नाही, फक्त कोपऱ्याला कोपरा. प्रत्येक ठिकाणी दोनच चौकोनांचे कोपरे भेटतात, अशा बारा गाठी. बाराही बांधून झाल्या की चौकोनांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतील. त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागलेली नसते. मुलांना हे आधी सांगू नका. त्यांनाच मोजू द्या.

इथे एक गंमत होते आणि नवा माणूस घाबरतो. सांगाडा हातात घेतला की तो पिळला जातो आणि मिटल्यासारखा आत बसतो. गाठी सैल नसल्या तरी हे होतं. चौकोनाचा स्वभावच असा, त्याचा कोन धरून राहत नाही. त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कर्णावर एकेक कामटी आडवी बांधा, ती साधारण २८ सेंटिमीटरची लागेल. बाजूच्या चार चौकोनांतही तात्पुरत्या बांधल्या तर काम सोपं जातं. कागद चिकटून वाळला की सांगाडा ताठ होतो, मग बाजूच्या काढल्या तरी चालतं. वरची आडवी कामटी कायम ठेवा. बल्बचा होल्डर तिलाच लटकतो. हा टप्पा झाला की सांगाडा खिळ्याला टांगून द्यायचा. जमीन अडत नाही, आणि चार दिवस तो तसाच लोंबत राहिला तरी कोणाच्या पायात येत नाही.

कागदाची संध्याकाळ मुलांची. मैद्याची खळ करा: कपभर पाण्यात दोन चमचे मैदा गार असतानाच कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा, चिमूटभर तुरटी टाका. बाजूचे चार चौकोन एका रंगाच्या पतंगी कागदाचे, आठ त्रिकोण दुसऱ्या रंगाचे. कागद चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त कापून कामटीवरून आत दुमडायचा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा, उष्णता बाहेर जायला आणि बल्ब बदलायला. पाच ते सात वॉटचा एलईडी पुरतो. जुना साठचा बल्ब अजिबात नको. खाली झिरमिळ्या, गाठींवर कागदाच्या करंज्या. तुळशीचं लग्न झालं की कागद फाडून सांगाडा पुन्हा टांगा, किंवा बारापैकी काही गाठी सोडून सपाट करून ठेवा. पुढच्या वर्षी फक्त कागद.

मुलांच्या किल्ल्याबद्दल एक ताकीद. एमआयडीसीच्या आसपास फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू कुठेतरी ढिगाने पडलेली असते आणि मुलांना ती किल्ल्याला फार आवडते, कारण दाबली की आकार धरते. ती आणू देऊ नका. तिच्यात साच्यासाठी वापरलेली रसायनं आणि धातूचे कण असू शकतात. शेताची किंवा नर्सरीची माती घ्या. तटावर अळीव किंवा मोहरी पेरली तर चार-पाच दिवसांत हिरवळ येते, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. फक्त दरवर्षी रायगड, राजगड, प्रतापगड कशासाठी? नाशिकच्या उत्तरेला रामशेज आहे. संभाजी महाराजांच्या काळात या लहानशा किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुलवलं. एकदा मुलांना घेऊन चढून या, मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि मग अंगणात बांधा. बघून बांधलेला किल्ला वेगळाच दिसतो.

कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतातच. दूध आटवताना एवढं करा: लिटरभर दूध पाऊण लिटरवर आलं की साखर, मग वेलदोडा, जायफळ, बदाम-पिस्त्यांची भरड, केशर असेल तर चार काड्या. साखर आधी घातली तर दूध खाली लागायची भीती जास्त. डास या दिवसांत फार असतात आणि डेंग्यूचा हंगामही हाच. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गच्चीवरच्या टायरमध्ये, कुंड्यांच्या ताटल्यांत साचलेलं पाणी आधी ओता. अंताक्षरी दरवर्षी होते. यंदा प्रत्येकाने आपल्याकडच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं असं ठरवून बघा. पान एकच. दोन पानं वाचणाऱ्याला पुढच्या वर्षी शेवटी बसवा.

या ऋतूत एक सकाळ पांडवलेण्यांना द्या. अंबडहून पाथर्डी फाटा म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणि पावसानंतर तो डोंगर अजून हिरवा असतो. महिनाभराने पिवळा पडेल. बरोबर एक पाठकोरी वही, टूबी पेन्सिल, पाण्याची बाटली. दहाच्या आत खाली उतरायचं, नंतर ऊन तापतं. चित्र चांगलं आलं पाहिजे असा आग्रह धरू नका. एका खांबाचा फक्त वरचा भाग, घंटेसारखा आकार आणि वर बसलेले प्राणी, एवढंच काढा. फोटोत निसटतं ते हाताने काढताना दिसायला लागतं.

दहा क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवरचा लेख नुसता बघून पुढे जाऊ नका. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्यात दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. गुणाकार करून बघा, बरोबर जुळतो. वर्षावास संपतो तो आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीच्याच दिवशी. दोनेक हजार वर्षांपूर्वी याच परिसरात मागावर बसणारे कारागीर संघटित होते आणि लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवत होते. अंबडच्या कामगाराने आपल्या मुलाला नेऊन दाखवावी अशी ही भिंत आहे. लेख ब्राह्मी लिपीत आहे. अक्षरं वहीत उतरवून आणा आणि घरी बाराखडीशी ताडून बघा. ब्राह्मीचे तक्ते सहज मिळतात, आणि पहिली पाच-सहा अक्षरं ओळखू आली की माणूस त्यात अडकतोच.

बोनस हातात आला की ओझरच्या वाटेला दहाव्या मैलावर एक चक्कर मारा. मुंबई-आग्रा महामार्गावर भीमाबाई जोंधळे यांचं हॉटेल आहे, लोक त्याला आजीचं पुस्तकांचं हॉटेल म्हणतात. ऑर्डर दिल्यावर जेवण येईपर्यंत टेबलावर पुस्तक असतं. घरी जेवणाच्या टेबलावर मोबाइल आणि हॉटेलात पुस्तक, हा उलटा प्रकार मुलांना एकदा बघू द्या.

दिवाळी संपली, शिफ्ट पुन्हा सुरळीत झाल्या की ट्रे बाहेर काढा आणि बघा त्यात काय उरलं आहे. दुपट्याचे दोन चौकोन राहिले असतील तर थंडी जोर धरायच्या आत संपवा. पिवळं कापड उरलं असेल तर त्याची पुस्तकांना वेष्टणं शिवा. ब्राह्मीची वही हाताशीच राहू द्या, तिला घाई नाही. वाचनालयाचे दिवाळी अंक मात्र मुदतीत परत करा. मागे वाट बघणाऱ्यांची यादी मोठी असते आणि उशिराचा दंडही भरावा लागतो. चौघांच्या अंकांपैकी एखादा कोणाच्या घरी अडकला असेल तर त्या घरी संक्रांतीच्या तिळगुळाला जा. तेव्हा मागायला संकोच वाटत नाही.